विठाबाई नारायणगावकर : गावाचं नाव गाजवलं, स्वतःच्या पदरात काय पडलं?

पारगाव : गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. राहुटीपुढं फडाचा बोर्ड, आत टेबल-खुर्ची आणि टेबलावर तारखांची वही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर अशा चहूबाजूंच्या तालुक्यांतून यात्रा कमिटीची माणसं येतात, भाव करतात, सुपारी देतात आणि तारीख पक्की करून जातात. पारगाव नावाचं गाव जुन्नर तालुक्यातही आहे आणि आंबेगावातही; नारायणगाव दोन्हीकडून फार लांब नाही. त्यामुळं तमाशाची पंढरी कुठं, हे इकडच्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

या पंढरीचं नाव महाराष्ट्रभर नेलं ते एका बाईनं. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. आज तिशीच्या आतल्या पोरांनी त्यांना फडावर पाहिलेलं नाही, पण नाव सगळ्यांना ठाऊक आहे. एक बाळंतपणाची गोष्टही ठाऊक आहे. मात्र तेवढ्या एका गोष्टीत विठाबाईंचं आयुष्य मावत नाही.

आजोबांचा फड, बाप-चुलत्याचं नाव

विठाबाईंच्या घरात तमाशा तीन पिढ्यांचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढं वडील भाऊ आणि चुलते बापू या दोघा भावांनी तो नावारूपाला आणला. भाऊ-बापू मांग नारायणगावकर हे नाव त्या काळात यात्रा-जत्रांमधून चांगलंच गाजत होतं.

या नावाकडं नीट पाहिलं तर त्या काळाचा सगळा हिशोब त्यात सापडतो. दोन भावांची नावं, गावाचं नाव आणि मध्ये जात. मातंग समाजातलं हे घर. हलगी, डफ, सनई वाजवणं हे या समाजाकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. गावातलं लग्न असो, देवाची पालखी असो, वाजवायला मातंग लागायचा. पण पंगतीत बसायला नाही. तमाशाचंही तसंच. रात्री फडापुढं अख्खं गाव गोळा व्हायचं आणि सकाळी त्याच कलावंतांनी गावाबाहेर मुक्काम करायचा. भाऊ-बापूंनी जात लपवली नाही. ती फडाच्या नावातच घातली. पुढं विठाबाईंनीही आपल्या नावात ती तशीच ठेवली.

तमाशाचा मूळ धागा पेशवाईतल्या शाहिरांपर्यंत जातो. संगमनेरचे अनंत फंदी, सोलापूरचे राम जोशी, होनाजी बाळा ही त्यातली मोठी नावं. पुढं १८६५ च्या सुमाराला उमा-बाबू सावळजकरांनी मोहना बटाव हा वग आणला आणि गाण्या-नाचाच्या जोडीला रात्रभराची गोष्ट आली. त्यानंतर वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी ब्राह्मण घर सोडून तमाशात शिरले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडात संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा नाचायला उभी राहिली आणि मुंबईपर्यंत गाजली. म्हणजे पुणे-नाशिक रस्त्याच्या या पट्ट्यात तमाशाची जमीन आधीच नांगरलेली होती. एका बाजूला पुणे, एका बाजूला नाशिक, माळशेज उतरलं की कल्याण-मुंबई आणि पूर्वेला नगर. फडाला चारी वाटा मोकळ्या. नारायणगाव या वाटांच्या मधोमध पडलं.

पंढरपुरात जन्म, फडात शाळा

विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मधला, पंढरपूरचा. पंढरीत जन्मली म्हणून विठा, असं सांगतात. तमाशाच्या पोराचा जन्म कुठं होईल ते फडाच्या मुक्कामावर ठरायचं. घर नारायणगावला, पण दसऱ्यापासून वैशाखापर्यंत सगळा संसार गाडीवर.

शाळेत विठाचं मन फारसं रमलं नाही. पण गण, गवळण, भेदिक, लावणी हे कानावरून जात होतं. ढोलकीवर थाप पडली की पाय कुठं पडायचा, झीलकऱ्यांनी सूर उचलला की आपण कुठं थांबायचं, सोंगाड्यानं अचानक बोलणं फिरवलं की त्याला उत्तर कसं द्यायचं, हे सगळं पोरीनं बघून-बघून घेतलं. लहान वयातच ती फडावर उभी राहिली. भीड अशी तिला नव्हतीच.

तमाशा न पाहिलेल्या नव्या पोरांसाठी एवढं सांगायला हवं, की तमाशा म्हणजे नुसता नाच नाही. ढोलकीफडाच्या तमाशाची एक ठरलेली रीत असते. आधी गणपतीला वंदन करणारा गण. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, म्हणजे दोघांची हसवाहसवी. पुढं रंगबाजीच्या लावण्या आणि शेवटी वग, जो पूर्वी पहाटेपर्यंत चालायचा. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, पेटी. संगीत बारीचा प्रकार वेगळा. तिथं थिएटरात बसून लावणी ऐकायची असते, वग नसतो. विठाबाई ढोलकीफडाच्या. म्हणजे त्यांना एकाच रात्री गाणं, नाचणं, विनोद झेलणं आणि पहाटे वगात लोकांच्या डोळ्यांत पाणी आणणं, हे सगळं करावं लागायचं.

यातलं एखादं काम जमणारे कलावंत पुष्कळ होते. सगळी कामं एका बाईत, तीही एका रात्रीत, हे दुर्मिळ. गळा मोकळा आणि वरच्या पट्टीतला. जुन्या दिवसांत खेड्यापाड्यात माईक कुठला? उघड्या माळावर हजारभर माणसांच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर छातीत तेवढा दम लागतो. विठाबाईंकडं तो होता. त्यांच्या नावावर माणसं बैलगाड्या जुंपून पाच-पाच कोसांवरून येत.

बंदीचा काळ आणि पहिला सन्मान

विठाबाई कोवळ्या वयात होत्या तेव्हाच तमाशावर संकट आलं. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना तमाशा अश्लील म्हणून त्यावर बंदी आली. फडमालक, सोंगाडे, नाचणाऱ्या बाया, ढोलकीवाले यांची रोजीरोटी एका हुकमानं थांबली. कलावंतांनी सरकारदरबारी खेटे घातले. तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली, वग तपासून घ्यायची अट आली आणि त्यानंतर फड पुन्हा सुरू झाले.

त्यानंतर काही वर्षांतच चित्र कसं पालटलं बघा. १९५७ साली विठाबाईंचा राष्ट्रपती पुरस्कारानं गौरव झाला. वय तेव्हा अवघं बावीस. ज्या कलेला सरकारनं वाईट ठरवलं होतं, त्याच कलेतल्या पोरीचा दिल्लीच्या पातळीवर मान झाला. नारायणगावचं नाव वर्तमानपत्रात आलं. पण पुरस्कारानं फडाचं गणित बदललं नाही.

फडाचं गणित

हे गणित समजल्याशिवाय विठाबाईंचं पुढचं आयुष्य समजत नाही.

तमाशाचा हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतो. पावसाळ्याचे चार महिने कमाई नाही. पण कलावंतांची पोटं आणि पोराबाळांची आजारपणं थांबत नाहीत. म्हणून हंगामाआधी कलावंत फडमालकाकडून उचल घेतात. ही उचल द्यायला मालकाकडंही पैसे नसतात. तो सावकाराकडून व्याजानं काढतो. मग हंगामभर नाचून-गाऊन आधी कलावंताची उचल फिटते आणि मग मालकाचं व्याज.

कमाईच्या वाटा दोन. एक कनात लावून तिकिटावरचा खेळ, दुसरी यात्रेची सुपारी. तिकिटाच्या खेळाला गर्दी झाली नाही की तोटा. सुपारीचा पैसा ठरलेला, पण अवकाळी पाऊस आला, गावात भांडण झालं, खेळ मोडला, की तोही अडकतो. फडात स्वयंपाक्यापासून तंबूवाल्यापर्यंत माणसं पोसायची. मोठ्या फडात शंभराच्या वर ताटं लागतात. बैलगाड्या गेल्या आणि ट्रक आले, तसा डिझेलचा खर्च वाढला. जनरेटर आले, लाइटी आल्या, तोही खर्च.

असा फड विठाबाईंनी स्वतःच्या नावावर चालवला. बाई फडावर नाचते हे लोकांना नवं नव्हतं. बाई फडाची मालकीण होऊन सुपारीचा भाव करते, शंभर माणसांचा पगार करते, सावकारापुढं बसते आणि रात्री तोंडाला रंग लावून उभीही राहते, हे मात्र फार थोड्या जणींना जमलं. तुकाराम खेडकरांच्या फडातून पुढं आलेल्या कांताबाई सातारकर या त्यांच्या काळातल्या दुसऱ्या मोठ्या कलावंत. कोणाचा फड भारी यावरून गावागावात पैजा लागत, इतकी चुरस.

सिनेमा आल्यावर लोकांची आवड बदलली. तालुक्याच्या गावी टॉकीज झाली, रेडिओ घरात आला. यात्रेतली पोरं लावणीच्या मध्येच सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करू लागली. विठाबाईंनी तीही गाणी फडावर घेतली. जुन्या जाणत्यांनी नाकं मुरडली. तमाशा बाटला असंही म्हटलं गेलं. पण नाकं मुरडणाऱ्यांना फडातली शंभर ताटं भरायची नव्हती. तरी गण-गवळण आणि वग त्यांनी सोडला नाही. गर्दी ओढायला सिनेमाचं गाणं आणि बसवून ठेवायला वग, असा त्यांचा हिशोब होता.

त्या रात्रीची हकीकत

विठाबाईंची ती गोष्ट आजही पारावर सांगितली जाते. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. खेळ रंगात आला आणि कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, कनातीमागं बाळंत झाल्या. मुलगा झाला. नाळ कापायला हाताशी काही नव्हतं, तर दगडानं ठेचून तोडली. लुगडं सावरलं आणि त्या पुन्हा लोकांपुढं येऊन उभ्या राहिल्या. मघाशी भरलेलं पोट आता नाही, हे लोकांच्या लक्षात आलं. शिट्ट्या मारणारी गर्दी गप झाली. लोकांनी हात जोडून खेळ थांबवायला सांगितलं आणि बाईला विश्रांती घ्यायला लावली.

ही गोष्ट सांगताना माणसं विठाबाईंच्या धाडसाचं कौतुक करतात, आणि ते खरंच आहे. पण नवव्या महिन्यात त्या फडावर का होत्या, हा प्रश्न फार कोणी विचारत नाही. उत्तर वर आलंच आहे. हंगाम थोडक्या महिन्यांचा. सुपारी घेतलेली. लोक विठाबाईंच्या नावावर आलेले. त्या उभ्या राहिल्या नाहीत तर खेळ मोडणार, खेळ मोडला तर पैसे बुडणार, आणि त्या पैशावर सगळ्या फडाची चूल. बाळंतपणाची रजा हा शब्द तमाशाच्या वहीत नव्हता. शेतात खुरपायला गेलेली किंवा उसाच्या फडात कोयता घेऊन उभी असलेली बाई ज्या कारणानं नवव्या महिन्यातही कामावर असते, त्याच कारणानं विठाबाई फडावर होत्या. भीमाशंकर कारखान्याच्या परिसरात हंगामाला येणाऱ्या ऊसतोड बायांची खोपटी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या रात्री लोकांनी हात जोडले, हेही विसरायचं कारण नाही. गावानं त्या बाईला माणूस म्हणून पाहिलं. एवढंच की तसं पाहायला गावाला एक बाळंतपण लागलं.

लेकरं फडातच वाढली

विठाबाईंची मुलं फडातच लहानाची मोठी झाली. पेटाऱ्याच्या आडोशाला झोळी आणि झोळीतल्या पोराला ढोलकीची अंगाई. मुली मोठ्या झाल्या तशा फडावर आल्या. त्यांतल्या मंगला बनसोडे यांनी पुढं स्वतःचा फड उभा करून राज्यभर नाव कमावलं. आईच्या तालमीत तयार झालेल्या या लेकीनं वगनाट्याची रीत टिकवली आणि नव्या पिढीलाही फडावर आणलं. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून धरलं तर हे घराणं आज पाच पिढ्यांच्या घरात गेलं आहे.

विठाबाईंच्या फडातून शिकून बाहेर पडलेले कलावंत वेगळेच. कोणी ढोलकी घेतली, कोणी सोंगाड्या झाला. त्याचं प्रशस्तिपत्र कोणी दिलं नाही आणि कोणी मागितलंही नाही.

दुसरा पुरस्कार आणि उतारवय

१९९० साली विठाबाईंना पुन्हा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पहिल्या पुरस्काराला तेहतीस वर्षं झाली होती. त्या आता पंचावन्न वर्षांच्या होत्या. गावोगाव टीव्ही पोचला होता, व्हिडिओवर सिनेमे दाखवले जात होते. तिकिटावरचे खेळ कमी होऊन फड यात्रांच्या सुपारीवर जगू लागले होते. एका यात्रेला दोन रात्रींचा तमाशा ठेवणारी गावं एका रात्रीवर आली.

उतारवयात विठाबाईंच्या वाट्याला हलाखी आली. शरीर थकलं होतं. जन्मभर कमावलेलं फडाच्या गाड्यात गेलं होतं. नाचणाऱ्या बाईला पेन्शन नाही, फंड नाही, विमा नाही. दोन राष्ट्रपती पुरस्कार नावावर असलेल्या या बाईचं दवाखान्याचं बिल भागवायला शेवटी लोकांची वर्गणी लागली. देणाऱ्यांनी मनापासून दिलं. पण जिच्या नावावर यात्रा भरायच्या, तिच्यासाठी वर्गणी काढावी लागली हे खरंच. १५ जानेवारी २००२ ला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी डोळे मिटले.

नाव राहिलं

त्यांच्या माघारी चार वर्षांनी, २००६ पासून, महाराष्ट्र सरकारनं तमाशासृष्टीतल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्यांच्याशी विठाबाईंची चुरस होती त्या कांताबाई सातारकरांचाही त्यानं सन्मान झाला. आंबेगावातल्या अवसरीचे वसंत अवसरीकर, शिरूरमधल्या कवठ्याचे गंगाराम कवठेकर, स्वतः मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला. योगीराज बागूल यांनी विठाबाईंचं चरित्र लिहिलं आणि फडाच्या कनातीमागचं आयुष्य शिकल्या-सवरल्या घरात पोचवलं.

म्हणजे सन्मानाला तोटा नाही. आयुष्यात दोन पुरस्कार आणि मेल्यावर नावाचा पुरस्कार. तरीही जो प्रश्न विठाबाईंच्या उतारवयात होता, तो फडावरच्या बाकीच्या बायांना आजही आहे. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन हंगाम यात्रा बंद राहिल्या. राहुट्या लागल्या नाहीत. उचल घेतलेली, खेळ नाही, व्याज मात्र चालू. पुष्कळ कलावंत मजुरीला गेले, काहींनी भाजी विकली. विठाबाई गेल्या त्याला तेव्हा जवळजवळ वीस वर्षं झाली होती आणि गणित तेच होतं.

ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देणारी सरकारची योजना आहे. अर्जाला वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि कला सादर केल्याचे पुरावे लागतात. तमाशाच्या कलावंताची अडचण इथंच होते. चाळीस वर्षं नाचलेल्या बाईकडं कागद कुठला? तिच्या नावाची हँडबिलं यात्रेच्या दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर उडालेली. सुपारीची पावती फडमालकाच्या नावावर. ती कुठल्या गावात कधी नाचली, हे त्या गावालाच माहीत.

हे मात्र गावाच्या हातात आहे. यात्रा कमिटीच्या जुन्या कपाटात निमंत्रणपत्रिका, पावतीपुस्तकं, फोटो पडलेले असतात. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र द्यायला खर्च येत नाही. ज्या गावानं एखाद्या कलावंताला रात्रभर नाचताना पाहिलं, त्या गावानं तसं लिहून दिलं, तर म्हातारपणी तिच्या अर्जाला आधार होतो. विठाबाईंच्या वेळी लोकांनी वर्गणी दिली ती त्या आजारी पडल्यावर. त्यांच्यामागून आलेल्या बायांना गाव त्याआधी उपयोगी पडू शकतं.